स्कूटरचं टू-टी बोटीला चालेल का?

प्रश्न : मेस्त्रीकाका, गेल्या महिन्यात ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन घेतलं. पेट्रोलमध्ये मिसळायचं बोटीचं ऑइल महाग पडतं. भाऊ म्हणतो, स्कूटरचं टू-टी ऑइल घाल, तेल ते तेल. पण चार-पाच फेऱ्यांत प्लग काळा होतो, मशीन अडखळतं. काय करू?
— एक वाचक, विजयदुर्ग

उत्तर : 'तेल ते तेल' हे विशीत माझ्याही तोंडी होतं. वडिलांच्या होडीला अख्खा हंगाम स्कूटरचं टू-टी पाजलं. शेवटी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे मशीन बसलं, दांडीच्या किनाऱ्यापर्यंत वल्ही मारत आलो. खोललं तर पिस्टनच्या रिंगा खाचांत घट्ट चिकटलेल्या. वडील काही बोलले नाहीत, नव्या रिंगांचं बिल तेवढं माझ्यापुढे सरकवलं.

स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, म्हणून जास्त तापतं. तेवढ्या उष्णतेत कार्बन साफ राहावा म्हणून त्याच्या तेलात धातुयुक्त रसायनं घालतात. ती जळली की राख उरते. आपलं मशीन समुद्राचं पाणी ओढून गार राहतं, तिथे ही राख प्लगवर आणि रिंगांत साचते. बोटीच्या तेलात ती राख करणारी रसायनं नसतात, शिवाय गंजाचा बंदोबस्त असतो. कंपनी कुठलीही घ्या, डब्याच्या पाठीवर 'टीसी-डब्ल्यू३' ही अक्षरं बघा. 'जासो एफसी' किंवा 'एफडी' एवढंच असेल तर तो डबा भावाच्या स्कूटरला.

आता तेल किती घालता ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि माझा खरा संशय तिथेच. बऱ्याच मशिनांना ५०:१, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. काही जुन्या मॉडेलांना दुप्पट लागतं, तेव्हा तुमच्या मॉडेलचं पुस्तक मिळवा. चहाच्या ग्लासाने अंदाजे ओतू नका. जास्त झालं तर प्लग काळा, कमी झालं तर पिस्टन जाम. त्यातलं दुसरं फार महागात जातं. आधी थोडं पेट्रोल, मग तेल, टाकी हलवा, मग उरलेलं पेट्रोल.

एवढं करूनही प्लग ओला-काळाच निघाला, तर चोक अर्धवट अडकलाय का बघा. जाळ्यावर तासन्तास हळू चालवूनही असं होतं. त्यासाठी एक जादा प्लग आणि पाना होडीत ठेवायचा.

जुनं मशीन घेतलंय म्हणून आणखी एक. पंख्याजवळच्या गिअरचं तेल वेगळं असतं, ते थोडं काढून बघा. दुधट दिसलं तर सील गेलंय, पाणी आत शिरतंय. मग प्लगचं राहू द्या, आधी ते करून घ्या.