एप्ट अपग्रेड झालं, स्कॅनर हिरवा, तरी थंबनेल बनवणारा वर्कर पडतोय? मग हे बघा

तुम्ही लिहिलंय: स्टुडिओच्या सर्व्हरवर लग्नाचे फोटो चढवले की थंबनेल बनवणारा पायथनचा वर्कर (मागे चालणारा प्रोग्रॅम) मध्येच सेगफॉल्ट (मेमरीतली चूक) देऊन पडतो, एप्टने, म्हणजे लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरने, पॅकेजेस सगळी ताजी केलेली, कच्च्या आवृत्त्या शोधणाऱ्या स्कॅनरचा रिपोर्ट स्वच्छ. अहो, हेच दुखणं आम्ही सांगलीत बसून भोगलंय. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांच्या नमुन्यांचे फोटो आमच्याकडे चढतात, आणि हे सगळं दिवाळीच्या तोंडावर!

सप्टेंबर २०२३ मधली लिबवेबपीची, म्हणजे वेबपी फॉर्मॅटचे फोटो उलगडणाऱ्या लायब्ररीची भानगड तुम्हाला माहीत असेलच. लॉसलेस वेबपी उलगडताना हफमन टेबलसाठी (कॉम्प्रेस केलेले कोड वाचायचा तक्ता) जागा आधीच धरलेली असते. मुद्दाम बिघडवलेली फाईल ते टेबल त्याहून मोठं करायला लावते आणि लिखाण हीपमधल्या (प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या) धरलेल्या जागेच्या बाहेर जातं, म्हणून प्रोग्रॅम पडू शकतो. सर्व्हरवर कुणी फोटो उघडायचीही गरज नाही, थंबनेल बनवताना वर्कर तो स्वतःच उघडतो.

आमचा खरा वेळ खाल्ला तो होस्टिंगच्या सपोर्टने. नाव घेत नाही. पहिलं उत्तर, 'सिस्टिम अद्ययावत आहे', तिकीट बंद. पुन्हा उघडलं, तर म्हणे फाईलचं नाव जेपीजी आहे, वेबपीचा संबंधच येत नाही. आता काय बोलायचं! लायब्ररी नाव बघत नाही, सुरुवातीचे बाईट बघते. त्या 'जेपीजी'च्या पहिल्या १२ बाईटमध्ये आरआयएफएफ आणि वेबपी ही अक्षरं सरळ दिसत होती. त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, तर उत्तर आलं की रॅम वाढवा, प्लॅनचे दर सोबत जोडलेत.

घोळ असा होता की पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) घेतलेलं पिलो, म्हणजे पायथनची फोटो हाताळणारी लायब्ररी, लिबवेबपीची स्वतःची प्रत बरोबर घेऊन येतं. एप्ट तिला हात लावत नाही आणि त्यांचा स्कॅनर फक्त एप्टची यादी वाचत होता. पिलो १०.०.१ पासून आत लिबवेबपी १.३.२ किंवा त्यापुढची आहे, म्हणजे दुरुस्त. तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टची पायथन पॅकेजेस असतात तिथे) पिलोचा रिपोर्ट छापून वेबपीपुढचा आकडा वाचा. सिस्टिमच्या प्रतीला मात्र हा हिशोब लावू नका. डेबियन १२ मध्ये आकडा १.२.४ च राहतो, दुरुस्ती त्यातच बसवलेली असते.

अपग्रेडनंतर वेब सर्व्हरबरोबर वर्करही रीस्टार्ट करा. चालू प्रोसेस जुनीच प्रत धरून बसते. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या मॅप्स फाईलमध्ये लायब्ररीपुढे 'डिलीटेड' दिसलं की समजा जुनीच चालू आहे.

माझं मत विचाराल तर स्टुडिओला वेबपी लागतंच कशाला? पिलोत फोटो उघडताना फॉर्मॅटची यादी देता येते, तिथे जेपेग आणि पीएनजी एवढंच ठेवा. डीकोडिंग वेगळ्या युजरखाली चालवा, त्या प्रोसेसला नेटवर्क देऊ नका. उद्या दुसऱ्या कोडेकमध्ये (फोटो-व्हिडिओ उलगडणाऱ्या कोडमध्ये) भोक सापडणारच. त्याच सप्टेंबर २०२३ मध्ये लिबव्हीपीएक्स या व्हिडिओच्या लायब्ररीतही सापडलं होतं.

अर्थात मी काही सिक्युरिटीवाला नाही, आणि सेगफॉल्ट म्हणजे हल्लाच असंही नाही. अर्धवट चढलेली फाईल किंवा खराब रॅमही असू शकते, म्हणून ज्या फाईलवर वर्कर पडला ती जपून ठेवा. फक्त कुणाला दाखवायची तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो पुन्हा कॉम्प्रेस होतो आणि समोरच्याला भलतीच फाईल मिळते. झिप करून पाठवा.