खोडलेला पर्याय

ताई,
आमचा मुलगा १९ वर्षांचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हिवाळ्याच्या सुट्टीसाठी घरी न्यू जर्सीला आलाय. दुपारी दोनला उठतो, जेवणाच्या टेबलावर गप्प, रात्रभर खोलीत कॉम्प्युटर. मी रोज सांगते, जरा बाहेर पड, जुन्या मित्रांना भेट, जिमला जा. परवा चिडला आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आई, तू हे खेळ." 'डिप्रेशन क्वेस्ट' नावाचा गेम होता. नुसतं वाचायचं आणि क्लिक करायचं. दहा मिनिटांत इतकं जड वाटायला लागलं की मी बंदच केला. असले गेम खेळूनच पोरं निराश होतात, असं यांचं म्हणणं. वायफाय काढून टाकायला निघालेत. काय करू?
– एक आई

वायफाय राहू द्या. तो गेम पुन्हा उघडा आणि या वेळी शेवटपर्यंत जा. तासाभराचं काम आहे, इंटरनेटवर फुकट खेळता येतो.

झोई क्विन, पॅट्रिक लिंडसे आणि आयझॅक शँकलर या तिघांनी २०१३ साली तो केला. हा गेम मजेसाठी नाही, हे सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. त्यातला 'तुम्ही' म्हणजे विशीतला एक तरुण माणूस. रटाळ नोकरी आहे, जोडीदार आहे, घरचे आहेत आणि मन कशातच लागत नाही. प्रत्येक प्रसंगाखाली काय काय करता येईल याची यादी येते. त्यातला सगळ्यात शहाणपणाचा पर्याय वाचता येतो, पण त्यावर लाल रेघ मारलेली असते. कितीही क्लिक करा, तो निवडता येत नाही. माणूस खचत गेला की आणखी पर्याय खोडले जातात.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. बाहेर पड, मित्रांना भेट, जिमला जा. हे त्याला कळत नाही असं थोडंच आहे? ते सगळं त्याला दिसतंय, फक्त त्यावर रेघ आहे. तुम्ही रोज नेमकं तेच वाक्य त्याच्यासमोर धरताय. यात तुमची चूक काढत नाही, मीही माझ्या घरात हेच केलंय. आपल्या पिढीला आळस माहीत होता, कंटाळा माहीत होता, 'डोक्यात खूळ' माहीत होतं. मधलं काही माहीतच नव्हतं.

शिवाय भाषेचा घोळ आहेच. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांचं मराठी बहुतेक वेळा जेवणाच्या टेबलापुरतं असतं. जेवलास का, अभ्यास झाला का, आजीला फोन कर. 'नैराश्य' हा शब्द त्याने कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. आणि इंग्रजीत 'आय अॅम डिप्रेस्ड' म्हटलं की आपण म्हणतो, एवढं काय झालंय तुला! मग त्याने शब्द सोडले आणि लॅपटॉप दिला. तुम्हाला दहा मिनिटांत जे जड वाटलं, तेच त्याला सांगायचं असावं.

ही त्याची एकट्याची कल्पना नाही. २०१० मध्ये सिंगापूर आणि एमआयटीच्या गॅम्बिट प्रयोगशाळेत 'इल्यूड' नावाचा एक छोटा गेम बनला. हा आजार आतून कसा असतो ते नातेवाइकांना आणि मित्रांना कळावं, यासाठीच तो होता.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही पूर्ण टाकाऊ नाही. रात्रभर जागून काहीही केलं तरी झोपेचं खोबरं होतं आणि झोप गेली की मन आणखी ढासळतं. पण गेममुळेच आजार झाला, हे सरळ गणित नाही. उलट न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 'स्पार्क्स' हा गेम उपचार म्हणूनच बनवला. १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांवर चाचणी घेतली, तर त्याचा परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी पडला नाही. २०१२ मध्ये ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. मात्र तो त्याच कामासाठी रचलेला होता. बाजारातला गेम औषध नसतो आणि त्याने आजाराचं निदानही होत नाही. 'अॅक्च्युअल सनलाइट'सारख्या काही गेममध्ये तर आत्महत्येचा विषय थेट येतो, खचलेल्या मुलाने ते एकट्याने खेळू नयेत.

'डिप्रेशन क्वेस्ट' फार जड वाटला तर त्याच्याबरोबर 'सेलेस्ट' खेळा. २०१८ चा गेम. मॅडलिन नावाची मुलगी कॅनडातला एक डोंगर चढते आणि तिच्याच मनातली घाबरट, कुजकट सावली तिला मागे खेचते. एका जागी रोप-वेचा पाळणा अधांतरी अडकतो, मॅडलिनचा श्वास कोंडतो. सोबतचा थिओ सांगतो, एक पीस हवेत तरंगतंय असं समज आणि श्वासाने ते सांभाळ. पुढे त्या सावलीला हाकलायचा प्रयत्न फसतो. तिच्याशी बोलल्यावरच वाट सुटते. पहिल्याच कड्यावरून मी किती वेळा पडले ते विचारू नका, भाचा लोळून हसत होता. त्यात खेळ सोपा करणारा 'असिस्ट मोड' असतो, लाजू नका, लावा.

आता तातडीचं. 'डिप्रेशन क्वेस्ट'मध्ये थेरपी आणि औषधांची नोंद पडद्यावर सतत दिसत राहते. ती वाट धरली की काही रेघा पुसल्या जातात, सगळ्या नाही. तुमच्या घरीही पुढची पायरी डॉक्टरच. सुट्टी संपायच्या आत फॅमिली डॉक्टरची वेळ घ्या. २६ वर्षांचा होईपर्यंत तो तुमच्या विम्यावर राहू शकतो. पण १८ पूर्ण झाल्यामुळे त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर साधारणपणे तुम्हाला काही सांगणार नाहीत. कॉलेजच्या समुपदेशकांचंही तसंच. रागावू नका, उलट ते गुप्त राहणार हे त्याला आधीच सांगा, जाणं सोपं होईल. पुण्याच्या आजीला काय सांगायचं, हेही त्यालाच ठरवू द्या.

आणि एक प्रश्न स्पष्ट विचारा: "जगू नये असं वाटतं का रे तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर 'हो' आलं, किंवा नुसती शांतता आली, तर त्याला एकटं सोडू नका आणि ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा. जिवाला लगेच धोका वाटला तर ९११. कॅनडातही ९८८ च आहे. ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४, न्यूझीलंडमध्ये १७३७, भारतात टेलि-मानस १४४१६.

आज रात्री दुसरी खुर्ची त्याच्या खोलीत न्या. माउस तुमच्या हातात घ्या, चुकलात तर चुका. आणि मध्येच कुठेतरी विचारा, "तुझी पहिली रेघ कुठल्या वाक्यावर पडली?"