करार मागून घे

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्योग खात्याच्या गुंतवणूक कक्षात तुझी निवड झाली हे वाचून मन भरून आलं. पत्रात तू दोन प्रश्न विचारलेस. परदेशी भांडवल आल्याशिवाय गरीब देश वर येत नाही असं कॉलेजात शिकवलं, ते खरं का? आणि कंपन्यांनी कोकण नासवलं असं आजोबा म्हणतात, ते खरं का? माझ्या मते दोन्हींचा निकाल करारात लागतो. पैसा कुठल्या अटींवर आला आणि तोटा झाला तर भरायचा कोणी, हे तिथे लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय तुला लागावी म्हणून हे पत्र.

भांडवल लागतं, याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं, सोनं गहाण टाकावं लागलं होतं. त्या जुलैत नवं औद्योगिक धोरण आलं आणि अनेक उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भागभांडवलाला आपोआप मंजुरी मिळू लागली. शेअर बाजारात आलेला पैसा एका दुपारीत निघून जातो. बंदराचा धक्का किंवा कारखाना बांधणाऱ्याला तो उचलून नेता येत नाही. म्हणून थेट गुंतवणुकीचं मोल जास्त.

पण तू गुहागरची आहेस. अमेरिकेच्या एन्रॉन या वीज-वायू कंपनीची गोष्ट तू भाषणांतून ऐकली असशील, आता कागदातून वाच. डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी आणि राज्य वीज मंडळ यांचा वीजखरेदी करार झाला. नाव दाभोळचं, जागा मात्र खाडीच्या आपल्या बाजूला, अंजनवेल-वेलदूरकडे. त्याच वर्षी जागतिक बँकेने, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगून, कर्जाला नकार दिला होता. तरी करार झाला. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार, म्हणजे केंद्र तयार ठेवल्याबद्दलची ठराविक रक्कम, भरायचा. दर डॉलरशी बांधलेला. इंधन महागलं तर तो भार दरात. वर राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर ते केंद्राने भरायचे. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार मोडला आणि पुढच्याच वर्षी वाटाघाटी करून पुन्हा केला, तोही प्रकल्पाचे दोन्ही टप्पे गळ्यात घेऊन.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर सुरू झाला. २००० मध्ये तेल भडकलं. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, तो ४७ च्या घरात गेला. मंडळाला ती वीज परवडेना, पैसे थकले, आणि २००१ च्या मध्यावर वीजकेंद्र बंद पडलं. त्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून, ते केंद्र ताब्यात घ्यायला रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी करावी लागली.

आता हिशेब मांड. रुपया पडला तर भार आपल्यावर. तेल चढलं तर आपल्यावर. विजेची मागणी अंदाजापेक्षा कमी निघाली तरी आपल्यावरच. शिवाय ज्याला आपण परदेशी गुंतवणूक म्हणत होतो, तिच्यात आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक यांची मोठमोठी कर्जं होती, म्हणजे इथल्याच ठेवीदारांचा पैसा. धोका पत्करण्याबद्दल गुंतवणूकदाराला नफा मिळतो. इथे धोका आधीच उतरवून ठेवला होता आणि नफा मात्र तसाच मागितला होता. १९९७ साली प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळी बायकांना पोलिसांनी मारहाण केली, त्याची नोंद आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांच्या अहवालांत आहे. ही किंमत कुठल्याही प्रकल्प अहवालात धरलेली नव्हती. मला आजही याची चीड येते, आणि तुलाही यावी असं मला वाटतं.

आजोबांना मात्र न्हावा शेवा बंदरही दाखव, तेही कोकणातच आहे. तिथलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल १९९७ च्या करारानुसार पी अँड ओ या परदेशी कंपनीने बांधलं. मुदत ३० वर्षांची, जमीन बंदराचीच, कंपनीने बंदराला रॉयल्टी द्यायची आणि मुदत संपली की टर्मिनल परत करायचं. जहाजं आली नाहीत तर नुकसान कंपनीचं. पुढे मर्स्क आली, सिंगापूरची पीएसए आली, आणि देशातलं हे प्रमुख कंटेनर बंदर झालं. पण त्याचीही पूर्वपीठिका विसरू नकोस. जानेवारी १९८४ मध्ये संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या उरणच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. प्रत्यक्ष भूखंड हातात पडायला लोकांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले, हा भाग वेगळा आणि लाजिरवाणा.

कारखाना आला म्हणजे आसपासचा मुलूख सुधारतोच असं नाही. बोरेन्स्टाइन, डी ग्रेगोरिओ आणि ली या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली ६९ विकसनशील देशांचा अभ्यास मांडला: परदेशी गुंतवणूक देशी गुंतवणुकीपेक्षा जास्त वाढ घडवते, पण यजमान देशात शिक्षणाची किमान पातळी असली तरच. मारुतीचं उदाहरण घे. सुझुकीने १९८२ मध्ये २६ टक्के भाग घेतला, आणि सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचं बंधन आलं. त्यातून गुडगावच्या परिसरात सुटे भाग बनवणाऱ्यांची पिढी उभी राहिली. आपल्याकडे प्रकल्प येतो तेव्हा वेल्डर बाहेरून येतो, फिटर बाहेरून येतो. गावच्या पोराला गेटवर वॉचमनची जागा मिळते आणि त्याचा भाऊ मुंबईची गाडी पकडतो. तेव्हा प्रस्ताव समोर आला की नोकऱ्यांच्या एकूण आकड्यावर थांबू नकोस. कुठल्या कामाला किती माणसं, आणि तालुक्याच्या आयटीआयत तो ट्रेड आहे का, हे विचार. नसेल तर बांधकाम सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी तो सुरू करायला लाव.

दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेतल्या गुंतवणुकीच्या आकड्यांनीही दिपून जाऊ नकोस. तिथे होतात ते सामंजस्य करार, म्हणजे नुसती इच्छा नोंदवणारे कागद. जमीन, पाणी, परवाने यांतून पार पडेल तेवढंच खरं. देशाच्या पातळीवरही पाहा: रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये ८१ अब्ज डॉलर थेट गुंतवणूक आली, पण परत गेलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेला पैसा वजा करता निव्वळ उरली अर्ध्या अब्जाहून कमी. बातमीत मथळा ८१ चाच होता.

जमिनीचं थोडक्यात. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात सौदी अरामको ही तेलकंपनी येणार म्हणून २०१८ मध्ये करार झाला, आणि मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. त्याआधीच बाहेरच्यांनी जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. प्रस्ताव तुझ्या टेबलावर आला की त्या गावांतले मागच्या तीन वर्षांचे फेरफार, म्हणजे जमिनीची मालकी बदलल्याच्या नोंदी, मागव. लोकांच्या आधी दलालांना माहिती होती का, ते त्यात दिसतं.

पहिलं काम सांगतो. दाभोळ प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या माधव गोडबोले समितीचा २००१ चा अहवाल मिळवून पूर्ण वाच. मग दाभोळ आणि न्हावा शेवा यांचे करार शेजारी ठेवून तक्ता कर: चलन कोणतं, हमी कोणाची, मागणी घटली तर कोण भरणार, मुदत संपल्यावर मालमत्ता कोणाची, वाद झाला तर निवाडा कुठे. गणपतीला येशील तेव्हा तो घेऊन ये. आरत्या झाल्या की दुपारी बसू, आजोबांनाही बोलावू.

तुझे,
सर