मुलाखतीनंतरचे मौन

प्रश्न : पुण्यातील एका खासगी कंपनीत लेखापालपदासाठी मुलाखत दिली. ‘आठवड्याभरात कळवू’ म्हणाले होते. १२ दिवस झाले. जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या, खरेदीवरील करवजावटीच्या विवरणाशी) खरेदीनोंदींचा मेळ घालण्याच्या प्रश्नावर मी अडखळलो होतो. आता विचारणा करणे बरे दिसेल का?

उत्तर : जरूर करावी, मात्र मुलाखत घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर नव्हे, तर मनुष्यबळ विभागाला ईमेलने, आणि त्यात पदाचे नाव, मुलाखतीची तारीख व निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे, एवढेच असावे. मुदत त्यांनीच दिली होती, तेव्हा यात आगाऊपणा कसला? अडलेला प्रश्न मात्र आजच नीट समजून घ्या, कारण दुसरी फेरी झालीच तर तो पुन्हा निघू शकतो. तोंडी होकार आला, तरी वेतन व रुजू होण्याची तारीख नमूद केलेले पत्र हाती पडेपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.