कर्णबधिर शाळा की विशेष शाळा? आधी भाषेचं बघा

ताई, मुलीला कुठल्या शाळेत घालू असं तुम्ही विचारलंत. ती सहा वर्षांची. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, चालायलाही उशिरा लागली. कर्णबधिर शाळा म्हणते 'ही गतिमंद आहे', आणि गतिमंद मुलांची शाळा म्हणते 'हिला ऐकू येत नाही, आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत'. दोन्ही दारांतून परत येणं काय असतं ते मी भोगलंय. माझा मुलगा आता 19 वर्षांचा आहे. जन्मानंतरच्या जबर काविळीने त्याचे कानही गेले आणि हातापायांवरचा ताबाही.

सगळ्यात आधी, ज्यावरून तिला गतिमंद म्हणतात तो बुद्ध्यांकाचा रिपोर्ट काढा आणि चाचणी कशी घेतली ते विचारा. आमच्याकडे मॅडम तोंडाने म्हणाल्या, "कुत्रा दाखव." हा खिडकीतल्या पंख्याकडे बघत बसला. रिपोर्टात आलं, तीव्र बौद्धिक अक्षमता. वर्षभराने दुसरीकडे शब्दांशिवाय चाचणी झाली. समोर लाकडी पाट, त्यात गोल, चौकोन, चांदणीचे खड्डे. हात थरथरत होते, दोनदा तुकडा खाली पडला, पण प्रत्येक आकार त्याने बरोबर जागी बसवला. ऐकू न येणाऱ्या मुलाला बोलून प्रश्न विचारले तर तो नापासच होणार. ही चाचणी कर्णबधिर मुलांची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे त्याची सोय आहे.

आता शाळेचं. माझं स्पष्ट मत आहे की भाषा मिळेल तिथे मूल घालावं. चालणं, बसणं, बटण लावणं यासाठी थेरपी शाळेबाहेरही करता येते. पण दिवसभर आजूबाजूला खुणांची भाषा हवी असेल तर ती एकट्या आईने घरी पुरवता येत नाही. म्हणून शक्य असेल तर कर्णबधिर शाळा आणि सोबत मदतनीस, हा माझा पहिला पर्याय. जवळच्या साध्या शाळेत आठवड्यातून एकदा फिरते विशेष शिक्षक येणार असतील, तर उरलेले पाच दिवस ती कोणाशी बोलणार, हे विचारा. घरी राहून शिक्षणाची तरतूद बहुविकलांग (एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या) मुलांसाठी 2012 पासून आहे, पण तब्येत अगदीच साथ देत नसेल तरच ती घ्या. घरात बसलेल्या मुलाला बोलायला कुणी सवंगडी मिळत नाही.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून परत येऊ नका, डब्याच्या सुट्टीपर्यंत थांबा. मुलं एकमेकांशी हातांनी भांडतायत, चिडवतायत का? बाई पाठीमागून हाक मारतात की समोर येऊन खांद्याला हात लावतात? मी पाहिलेल्या एका शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून बोलत होत्या आणि सगळा वर्ग त्यांच्या वेणीकडे बघत होता. तिथून आम्ही निघालो.

प्रवेश नाकारला तर नकार लेखी मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 अर्जात लिहा: 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, फक्त श्रवणदोष लिहिला असेल तर बहुविकलांगतेची नोंद करून घ्या, नाहीतर मदतनीस मागताना अडतं. एकदम कायमचा प्रवेश द्यायला शाळा कचरत असेल तर महिनाभर बसवून बघा म्हणा. आम्हाला तसंच मिळालं. तो महिना मी बाहेरच्या बाकावर काढला.

आणि प्रवेशाच्या धावपळीत डोळे तपासायचे राहू देऊ नका. गरोदरपणी रुबेला झाला असेल तर कानांसोबत डोळ्यांनाही धक्का बसलेला असू शकतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर ती अडखळते का, खुणा करताना तुमच्या अगदी जवळ येते का, तेही बघा. तसं असेल तर मुंबईच्या हेलन केलर संस्थेकडे जा, ऐकू आणि दिसू दोन्ही कमी असणाऱ्या मुलांचं काम ते कित्येक वर्षं करतायत. तालुका कुठला ते कळवा, आणि ऑडिओग्राममधले (कानांच्या तपासणीच्या आलेखातले) आकडे इथे लिहा, मी बघते.