थंड मुलखातला मिस्त्री उष्ण मुलखात निघतो तेव्हा

“तिकडचा उकाडा मला सोसेल का?” थंड प्रदेश सोडून उष्ण प्रदेशात कामाला निघालेला जवळजवळ प्रत्येक कारागीर समुपदेशनाला हाच प्रश्न घेऊन येतो. पुढची हकिगत अशा अनेकांची मिळून रचलेली आहे. तिच्यात कोणा एकाला शोधू नये.

गृहस्थ 42 वर्षांचे. बॉयलर आणि हीटिंगचे मिस्त्री, हातात 19 वर्षांचं काम. बायको बरोबर आली होती. जाण्यामागे पैसा हे मुख्य कारण नव्हतं. त्यांनी उजवा पंजा टेबलावर पसरला आणि डाव्या हाताने तर्जनीवर, दुसऱ्या पेराच्या जरा वर, एक रेघ ओढून दाखवली. “थंडीत सकाळी इथपर्यंत पांढरं पडतं. स्क्रू धरलाय की नाही, ते बघावं लागतं.” वर्षानुवर्षं हॅमर ड्रिल आणि ग्राइंडर चालवणाऱ्यांच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात. मग गारठा लागला की त्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बोटं पांढरी, बधिर होतात.

म्हणून उकाड्याच्या आधी हीच गोष्ट स्पष्ट करून घेतली. उबदार हवेत बोटं पांढरी पडण्याचे प्रसंग कमी होतात, हे खरं. पण नसांना झालेली इजा हवा बदलून भरून निघेलच असं नाही, आणि तिकडेही तोच ड्रिल तासन् तास चालवला तर दुखणं पुढे सरकतं. निघण्याआधी डॉक्टरांकडून हातांची तपासणी करून घ्यायची आणि धक्के देणारी अवजारं दिवसातून किती वेळ वापरायची ते ठरवून घ्यायचं, असं ठरलं. जागा बदलली की दुखणं मागे राहील, या आशेवर घर हलवणाऱ्यांचा फार मोठा भ्रमनिरास होतो. ही आशा पहिल्याच बैठकीत तपासून घ्यावी.

आता उकाडा. त्याचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं देता येतं. शरीर उष्णतेला सरावतं आणि त्याला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे त्याच कामाला हृदयाला मिनिटाला कमी ठोके द्यावे लागतात. घाम लवकर आणि जास्त सुटतो, पण त्यातून मीठ कमी जातं. हा बदल उन्हात नुसतं बसून पुरता होत नाही, उष्णतेत रोज काम करावं लागतं. आणि ते मोजून करावं लागतं, कारण उष्णतेमुळे कामावर होणाऱ्या मृत्यूंतला मोठा वाटा पहिल्या काही दिवसांतला असतो.

मोजमाप असं: पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या वेळेपैकी 20 टक्केच वेळ उष्णतेत, मग रोज 20 टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. आठ तासांच्या दिवसात 20 टक्के म्हणजे दीड तासाहून जरासंच जास्त. उरलेला वेळ सावलीतली किंवा आतली कामं. पूर्वी उष्णतेत काम केलेल्यांसाठी 50, 60, 80, 100 अशी वेगळी चढण आहे, आणि अनुभवी मिस्त्री हमखास स्वतःला तिच्यात धरतो. यांनीही धरलं. पण 19 वर्षांचा अनुभव कामाचा होता, उष्णतेचा नव्हता. शरीराच्या लेखी ते नवखेच.

पाणी तहान लागायची वाट न बघता, दर 15 ते 20 मिनिटांनी एक कप, म्हणजे 240 मिलीच्या आसपास. तासाला साधारण 1.4 लिटरच्या वर मात्र जाऊ नये, रक्तातलं सोडियम घसरतं. बोलता बोलता कळलं की रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी घेतात. ही गोष्ट त्यांनी सांगितलीच नव्हती, बायकोने सांगितली. अशी गोळी, काही ॲलर्जीची औषधं, मनाच्या आजारांवरची काही औषधं शरीराची उष्णता झेलण्याची ताकद कमी करतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि मीठही आपल्या मनाने वाढवायचं नाही. हे दोन्ही निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचं.

हे सगळं लिहून दिलं तरी चेहऱ्यावरचा ताण हलला नाही. तेव्हा विचारलं, उकाडा अगदी सहज सोसला असं धरू, मग पुढे काय? बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “तिकडे बॉयलर कोणाच्या घरी आहे? या वयात मी कोणाच्या तरी हाताखाली पाने-पकडी द्यायच्या?”

खरी भीती ही होती. “तसं काही होणार नाही” असा धीर देणं सोपं होतं आणि ते खोटं ठरलं असतं. काही काळ हाताखाली काम करावंच लागणार होतं. ते किती दिवस आणि कशासाठी, हे ठरवणं आपल्या हातात होतं. म्हणून त्यांना घरी एक काम दिलं: गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष केलेली कामं लिहून आणायची. ‘हीटिंग’ असा एक शब्द नको, एकेक कृती हवी.

दुसऱ्या बैठकीला 31 कामं लिहून आली. त्यांतली 18 कुठेही जशीच्या तशी चालणारी होती: तांब्याच्या पाइपाचं ब्रेझिंग (दुसरा धातू वितळवून सांधा जोडणं), पंप बसवणं, विद्युत आराखडा वाचून कंट्रोलचा दोष शोधणं, प्रेशर टेस्ट, ग्राहकाला दुरुस्ती समजावणं. पाच कामं निरुपयोगी, उदाहरणार्थ गोठलेली लाइन मोकळी करणं. उरलेली आठ सगळ्यात महत्त्वाची, कारण ती ओळखीची वाटतात आणि तिथेच चूक होते.

यांतलं एक जवळून पाहू. मोठ्या इमारतीत थंड पाणी फिरवून गारवा देतात, तेव्हा पंप, व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन टँक सगळं हीटिंगसारखंच दिसतं. पण हीटिंगमध्ये पाणी 80 अंशांनी जाऊन 60 ने परतत असेल तर फरक 20 अंशांचा. थंड पाणी 7 ने जातं आणि 12 ने येतं, फरक फक्त 5 चा. तेवढीच उष्णता वाहायला चौपट पाणी लागतं. हीटिंगच्या अंदाजाने पाइप निवडला तर तो बारीक पडणार. इन्सुलेशनचंही तसंच. गरम पाइपावर सांध्यात थोडी फट राहिली तर जरा उष्णता वाया जाते, इतकंच. थंड पाइपावर त्याच फटीतून दमट हवा आत शिरते, दव धरतं आणि छताला डाग पडून पाणी ठिबकू लागतं.

ब्रेझिंग तर त्यांच्या हातचा मळ. पण पाण्याच्या लाइनीत सांधा तापवताना आतून धरणारी काळी पापुद्री पाण्याबरोबर धुऊन जाते. रेफ्रिजरंटची, म्हणजे गारवा तयार करणाऱ्या वायूची, लाइन बंदिस्त असते. तीच पापुद्री फिरत जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा कॅपिलरी, म्हणजे रेफ्रिजरंट मोजून सोडणारी बारीक वाट, तुंबवते. म्हणून तापवताना पाइपातून नायट्रोजनची हलकी धार सोडायची, मग नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्यूम पंप लावून आतला दाब 500 मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं एकक) खाली उतरवायचा आणि पंप बंद करून तो टिकतो का ते पाहायचं. फ्लेअर नट, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड (फ्लेअर) धरून ठेवणारा नट, अंदाजाने आवळायचा नाही. पाव इंची नटाला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर पुरतात, आणि दणकट हाताचा माणूस त्याच्या पुढे जाऊन फ्लेअर फाडतो.

हे वाचताना त्यांची मान वर आली. समुपदेशनात ‘आत्मविश्वास वाढवा’ असं म्हणतात, पण कारागिराचा आत्मविश्वास असाच परत येतो, काय येतं आणि काय शिकायचं आहे याची यादी डोळ्यांसमोर आली की. रेफ्रिजरंट हाताळायला अनेक देशांत वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते निघण्याआधीच मिळवता येतं का, आणि तिकडे चालतं का, याची चौकशी त्यांनी त्याच आठवड्यात केली. हीट पंप हा त्यांच्यासाठी मधला पूल ठरला. त्यात गारवा देणारं तेच चक्र उलटं चालवलं की गारव्याऐवजी ऊब मिळते, आणि थंड मुलखातही ते काम मिळतं. सराव घरूनच सुरू झाला.

कागदपत्रांकडे फार लोक उशिरा वळतात. जुन्या मालकाचं ‘उत्तम व प्रामाणिक कामगार’ असं पत्र परवाना देणाऱ्या कार्यालयाला काही सांगत नाही. पत्रात कामाच्या नेमक्या तारखा, पूर्णवेळ की अर्धवेळ, यंत्रांची क्षमता किलोवॉटमध्ये, इंधन कोणतं, देखरेखीखाली की स्वतंत्रपणे, हे सगळं हवं. शिक्षणाच्या प्रमाणपत्राबरोबर अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील हवा. ही पत्रं नोकरी सोडण्याआधी घ्यावीत. नंतर दुकानं बंद होतात, माणसं फोन उचलत नाहीत. परवान्याची छाननी महिनोन् महिने चालू शकते. तोवर परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालीच काम करावं लागतं, आणि ‘पाने-पकडी देण्याचा’ काळ खरा इतकाच. तो संपण्याची अट ठेकेदाराशी आधीच लिहून ठरवावी.

हत्यारं सगळी नेऊ नयेत. विजेचा दाब वेगळा असू शकतो, आणि पाइपाच्या आट्यांची प्रमाणंही. दोन प्रमुख प्रमाणं आहेत, ब्रिटिश (बीएसपी) आणि अमेरिकी (एनपीटी). अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्हींना इंचाला 14 आटे, त्यामुळे एकमेकांत दोन-तीन फेरे छान बसतात. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. कितीही टेप गुंडाळली तरी आज ना उद्या गळतंच. मोजमापाची उपकरणं आणि हाताला बसलेले पाने घ्यावेत, बाकी तिकडे पाहून.

मग चाचणीची खेप. लोक तिकडे सुखद हवेच्या महिन्यात जाऊन येतात आणि भाळतात. आमचा आग्रह उलटा असतो: सगळ्यात वाईट महिन्यात तीन आठवडे जा, हत्यारं घेऊन जा, परवाना लागणार नाही अशीच कामं करा, आणि तोवर घर विकू नका, नोकरीचा राजीनामा देऊ नका. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा.

ते गेले. पहिले दोन दिवस चढण पाळली. तिसऱ्या दिवशी अंगात जोर वाटला म्हणून पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर दिवसभर काम केलं. अशा जागी बाहेरच्यापेक्षा तापमान कितीतरी वर जातं आणि वारा नसल्याने घाम सुकत नाही. संध्याकाळी पोटऱ्यांत पेटके, डोकेदुखी, मळमळ. दोन दिवस विश्रांतीत गेले आणि चढण पुन्हा खालून सुरू करावी लागली. वेळेवर थांबले हे चांगलं झालं. माणूस बरळू लागला, गोंधळला किंवा शुद्ध हरपू लागला तर तो उष्माघात असतो. तेव्हा रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत थांबायचं नाही, सगळ्या अंगावर थंड पाणी ओतत राहायचं.

त्या तीन आठवड्यांत बायकोनेही एक वही ठेवली होती आणि तिच्यातली नोंद आमच्या कोणत्याही यादीत नव्हती: “रात्री झोप चार तास. सकाळी चिडचिड. माझ्याशी नाही, स्वतःशीच.” तापलेल्या खोलीत झोप तुटते आणि न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी उष्णताही कमी सोसतो, चुकाही जास्त करतो. म्हणून घर पाहताना झोपायची खोली पश्चिमेच्या भिंतीची किंवा थेट गच्चीखालची नको आणि गारव्यावरचा पहिला खर्च त्याच खोलीवर, असं दोघांनी ठरवलं. तिच्या स्वतःच्या नोकरीचा विषयही तेव्हा पहिल्यांदा नीट निघाला. तो आधी निघायला हवा होता, तो विचारायचा आमच्याकडून राहिला.

पुढे पाच महिन्यांनी ते गेले, उन्हाळा सुरू होण्याच्या दोन महिने आधी, म्हणजे शरीराला आणि हाताला दोन्हींना हळूहळू चढता यावं. वर्षाकाठी महिनाभर गावी यायचा बेत होता. तो दोन छोट्या खेपांत वाटून घेतला, कारण आठवड्याहून जास्त उष्णतेपासून दूर राहिलं की सराव उतरू लागतो आणि महिनाभरात बहुतेक जातो. परतल्यावर प्रत्येक वेळी पहिल्या आठवड्याची चढण पुन्हा धरायची, हे त्यांनी ठेकेदाराला सांगून ठेवलं आहे. बोटं आता क्वचितच पांढरी पडतात. टोकांचा बधिरपणा तसाच आहे. ड्रिल ते दिवसातून ठरलेल्या वेळेपुरताच हातात घेतात आणि घड्याळ बायको नाही, हेल्पर पोरगा लावतो.