आरतीचे फोटो इकडे, विसर्जनाचे तिकडे

प्रश्न : नमस्कार सर, मी घोडबंदर रोडला राहतो. चारेक वर्षांपूर्वी भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला, त्यावर डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात चालवतं ते) फाईलींसाठी नेक्स्टक्लाऊड, फोटोंसाठी इमिच आणि पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन टाकलं. घरचे फोटो, पासवर्ड आणि सोसायटीची कागदपत्रं (मी सेक्रेटरी आहे, दुसरं कोणी तयारच होत नाही) सगळं त्यावरच. आता डिस्क भरत आलीय आणि सर्व्हरची सिस्टिम उबुंटू पण जुनी, २०.०४ आहे, म्हणून नवीन मोठा सर्व्हर घेतला. गेल्या रविवारी डॉकरचे व्हॉल्यूम (ॲप्सचा डेटा असतो ते फोल्डर) जसेच्या तसे कॉपी केले तर नेक्स्टक्लाऊडचा डेटाबेस, पोस्टग्रेस, चालूच होईना, 'डेटाबेस फाईल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर' म्हणतोय. नशीब, जुना चालू आहे. आता वाटतंय की सगळा १८० जीबी डेटा आधी लॅपटॉपवर उतरवावा आणि मग नवीनवर चढवावा. बाबांचे शेवटच्या वर्षातले फोटो त्यातच आहेत म्हणून धीर होत नाहीये. काय करू?

उत्तर : आधी एक करा, ते जुनं डबडं अजिबात बंद करू नका, पुढचा महिनाभर दोन्हीचं भाडं भरायची तयारी ठेवा. दोनचार पिझ्झ्यांचे पैसे जातील, जाऊ देत.

लॅपटॉपचं मात्र डोक्यातून काढून टाका. कोपरीहून नौपाड्यात जायला तुम्ही पनवेलमार्गे निघालाय. घरचं नेट १०० एमबीपीएसचं धरलं तरी १८० जीबी उतरवायला ४ तास, चढवायला परत ४, ते पण कागदावर, आणि बऱ्याच घरी अपलोड त्याच्या निम्मा पण मिळत नाही. नवीन सर्व्हरवरून जुन्याला थेट एसएसएच (दुरून लॉगिन) लावा आणि आरसिंक या कॉपी करायच्या कमांडने ओढून घ्या. दोन्हीकडे १ जीबीपीएसची लाईन असेल तर हिशेबाने २४ मिनिटांचं काम, प्रत्यक्षात दीड-दोन तास धरा. आणि ते टीमक्समध्ये (सर्व्हरवरच चालू राहणारं टर्मिनल) चालवा, म्हणजे मध्येच घरची लाईट गेली, वायफाय पडलं तरी तिकडे काम चालू राहतं.

आता पोस्टग्रेस. माझा अंदाज असा की नवीन कंपोज फाईलमध्ये (कुठलं ॲप कसं चालवायचं ते लिहितात ती) तुम्ही इमेजपुढे (ॲपचा तयार साचा) व्हर्जनच्या जागी 'लेटेस्ट' लिहिलंय. जुनीकडे १३ असेल नाहीतर १४, नवीनकडे त्याच्या पुढचं काहीतरी उतरलं, आणि एका मेजर व्हर्जनचा डेटा फोल्डर दुसरं व्हर्जन वाचत नाही, हा त्याचा स्वभावच आहे. पण खरं सांगू का, ती एरर आली हे बरंच झालं. व्हर्जन जुळलं असतं तर तो कदाचित चालू झाला असता आणि तुम्ही खूश होऊन जुना सर्व्हर रद्द केला असता. चालू डेटाबेसचा फोल्डर कॉपी करणं म्हणजे कोणी वहीत लिहीत असताना तिची झेरॉक्स काढणं, पहिलं पान दहा वाजायच्या आधीचं आणि शेवटचं दहा वाजल्यानंतरचं. फोटो म्हणजे फाईल, ती कॉपी केली की झाली, पण कुठला फोटो कोणाचा, कुठल्या अल्बममधला, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. त्यामुळे चालू डेटाबेस नेहमी डंप करूनच, म्हणजे सगळा एका फाईलमध्ये लिहून काढूनच न्यायचा. पीजी-डंप (पोस्टग्रेसची डंप घ्यायची कमांड) झाला की फाईलच्या शेवटच्या काही ओळी बघा, 'डेटाबेस डंप कम्प्लीट' असं दिसलं पाहिजे, नाहीतर डिस्क भरली म्हणून मध्येच तुटलेला असेल, आणि तुमची डिस्क भरतच आलीय म्हणताय. इमिचचा पोस्टग्रेस वेगळाच, त्यात व्हेक्टर शोधाचं एक्स्टेन्शन (फोटोत काय आहे त्यावरून शोधायची जोड) असतं, तर तिथे जुनीकडे जी इमेज आहे तीच, त्याच टॅगची (व्हर्जनची) वापरा, आणि इमिचचं ॲप पहिल्यांदा सुरू व्हायच्या आत डंप चढवा. व्हॉल्टवॉर्डन बहुतेक एसक्यूलाईटवर असेल, म्हणजे डेटाबेस एका फाईलीतच, तर त्याचा कंटेनर (डॉकरमधला चालू डबा) थांबवा, अख्खा डेटा फोल्डर उचला, झालं.

फाईलींचं काम दोन फेऱ्यांत करा. पहिली फेरी सगळं चालू असतानाच, कोणाला कळणार पण नाही. मग एखाद्या शनिवारी रात्री नेक्स्टक्लाऊड मेंटेनन्स मोडला टाका, इमिचचा सर्व्हर थांबवा पण दोघांचे डेटाबेस चालू ठेवा, डंप घ्या आणि आरसिंक परत चालवा, आता फक्त मधला फरक जातो म्हणून पाच-दहा मिनिटांत उरकतं. आरसिंकला न्यूमेरिक आयडीजचा ऑप्शन लावायला विसरू नका, म्हणजे फाईलींचे मालक नंबरावरूनच जुळतात. डेबियन लिनक्सवाल्या इमेजमध्ये वेबसर्व्हरचा युजर ३३ नंबरचा असतो, अल्पाईनमध्ये ८२, घाईत इमेज बदलली की फाईली सगळ्या दिसतात आणि एकही उघडत नाही, मग माणूस रात्री दोन वाजता परमिशन ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) करत बसतो. नेक्स्टक्लाऊडची कॉन्फिग फाईल पण जुनीच न्या, त्यातलं सीक्रेट आणि पासवर्ड सॉल्ट (आतला गुप्त मजकूर) नव्याने बनवायचं नसतं. व्हर्जन वाढवायचा मोह तर त्या रात्री बिलकुल नको. आधी आहे ते हलवा, आठवड्याने अपग्रेड करा, ते पण एकेक मेजर करत, मधलं गाळता येत नाही. उबुंटूचं मात्र बरोबर केलंत, २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला.

डोमेनचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा. ८६४०० असेल तर जुना पत्ता लोकांकडे दिवसभर राहतो. आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा आयपी, म्हणजे पत्ता, सांगणारी यादी) बदलायच्या आधी आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये नवीन आयपी टाकून सगळं उघडून बघा, तो फक्त तुमच्यापुरताच लागतो. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट जुन्या सर्व्हरवरचंच कॉपी करा, कारण सारखं-सारखं नवीन मागितलं तर ते फुकट देणारं लेट्स एन्क्रिप्ट त्याच नावांसाठी आठवड्याला ५ च देतं आणि सहाव्याला हात वर करतं.

आता माझी फजिती. मी असाच सर्व्हर हलवला, डीएनएसमधला ए रेकॉर्ड (नेहमीच्या आयपीचा) बदलला, आणि आयपीव्ही६ चा (नव्या, लांब पत्त्याचा) क्वाड-ए रेकॉर्ड विसरलो. वर जुना सर्व्हर बंद न करता तसाच सोडला, असू दे म्हणून. घरच्या वायफायला आयपीव्ही६ नव्हतं म्हणून मला सगळं मस्त चालताना दिसत होतं. ते दिवस गणपतीचे. मेव्हणीने घरी काढलेले आरतीचे फोटो वायफायवरून नवीन सर्व्हरवर गेले आणि मासुंदा तलावावर काढलेले विसर्जनाचे मोबाईल डेटावरून, तिथे आयपीव्ही६ असल्यामुळे, जुन्यावर. दहा दिवसांनी तिने विचारलं, भावजी, विसर्जनाला मी इतके फोटो काढलेले, गेले कुठे? मला वाटलं तिनेच डिलीट केले असतील, तसं बोललो पण, आणि मग दोन दिवस तोंड लपवत होतो. म्हणून सांगतो, स्विच केल्यावर जुन्याकडची ॲप्स थांबवायची, सर्व्हर नाही. आणि वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून एकदा तपासायचं.

प्रश्न : सानपाड्याला आमचं छोटं ऑफिस आहे. मेल सर्व्हर नवीन व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) हलवला तेव्हापासून येणारे मेल येतात पण आमची बिलं गिऱ्हाईकांच्या स्पॅममध्ये जातात. डोमेन तर तेच आहे.

उत्तर : डोमेन तेच, पण आयपी बदलला ना ताई. एसपीएफ रेकॉर्डमध्ये (आपले मेल कुठल्या आयपीवरून निघतात त्याची यादी) जुनाच आयपी लिहिलेला असेल तो बदला. डीकेआयएमची चावी (मेलवर सही करायची) नवीन सर्व्हरने नव्याने बनवली असेल तर डीएनएसमध्ये पण नवीन टाकावी लागते. आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), हे डोमेनवाल्याकडे नाही तर सर्व्हरवाल्याच्या पॅनेलमध्ये सेट होतं, सगळे इथेच अडकतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल या गोष्टी कडक बघतं. एवढं करूनही स्पॅममध्येच गेलं तर त्या आयपीवरच्या आधीच्या भाडेकरूने उद्योग केलेले असणार, ब्लॅकलिस्टवर शोधा आणि आयपी बदलून मागा. मी स्वतः जाणारे मेल एका रिलेवरून (मेल पुढे पोचवणारी सेवा) पाठवतो, येणारे तेवढे आपल्या सर्व्हरवर. सगळं आपलं आपण चालवतो असं सांगताना जरा अडखळायला होतं, पण बिलं पोचतात.